त्या लेखावरचं पहिलं नाव

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आमच्या विभागाच्या संशोधनावर एकदा रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. त्यातल्या एका वाक्यामुळे मावळातलं एक घर फुटलं. ते वाक्य ज्यांनी लिहिलं असं तिकडे आजही समजतात, त्यांनी ते लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. लिहू नका, असं त्यांनी मला सांगितलं होतं. नाही लिहिणार, असं मी म्हणालो होतो. हे माहीत असलेलं माझ्याखेरीज एकच माणूस आहे, म्हणजे त्या स्वतः. आणि त्यांनाही ते मी सांगितलं म्हणून माहीत नाही, त्यांच्यावर गुदरलं म्हणून माहीत आहे.

ते वाक्य इथे लिहिणार नाही. एका आईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल ते म्हटलं होतं. आईने असं म्हणू नये असं लोकांना वाटतं, त्यातलं ते होतं. एवढं पुरे. गावाचं नावही देणार नाही. उर्श्याच्या टोलनाक्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या पट्ट्यातलं कुठलंही धरा.

मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतो. मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणजे माणसांत रमणारे लोक, असं बाहेर वाटतं. मी रमत नाही. लहानपण लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. घाटात गाडीला मागून जादा इंजिन लावतात, त्या कामावर वडील होते. ते घरी आले की आमच्याकडे भांड्यांचाच काय तो आवाज व्हायचा. मला माणसांबद्दल वाचायला आवडायचं, त्यांच्यासमोर बसायला नाही. समोरचा रडायला लागला की अजूनही माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते.

आमच्या विभागात पेपर एकट्याने लिहायची पद्धतच नव्हती. कोण कुणाबरोबर लिहितं हे बघायचं असेल, तर दुपारी कुणाचे डबे कुठल्या टेबलावर उघडतात ते बघावं. खिडकीजवळचं टेबल प्रयोगशाळेवाल्यांचं. त्यांची नावं भिशीसारखी फिरायची. या पेपरावर एकाचं पुढे, पुढच्यावर दुसऱ्याचं, आणि पाळी चुकली की आठवडाभर अबोला. दाराजवळच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले दोघे बसत. ते एकमेकांशी बोलत नसत, पण कुठल्याशा जुन्या प्रकल्पामुळे अजून शेजारी शेजारी छापून येत. मधलं टेबल आमचं. विभागप्रमुख, मी आणि मॅडम.

"फील्ड मॅडमचं, लिखाण तुमचं आणि नाव सरांचं," खिडकीवाल्यांपैकी एकजण म्हणायचा. "तिघांचा संसार बरा चाललाय की."

"तुमच्यासारखी भांडणं तरी नाहीत आमच्यात," विभागप्रमुख म्हणायचे, आणि मॅडमच्या डब्यातला भात वाढून घ्यायचे. मॅडमची आत्या वडिवळ्याची होती. तिच्याकडचा इंद्रायणी तांदूळ डब्याचं झाकण काढलं की सगळ्या खोलीत वास सोडायचा, आणि तो वास आला की बाकीच्या टेबलांवरचे लोकही आमच्याशी गोड बोलायला लागायचे.

ती थट्टा खरी होती. मॅडम गावोगाव जाऊन लोकांशी बोलायच्या, मुलाखती रेकॉर्ड करून, कागदावर उतरवून माझ्याकडे द्यायच्या. मी त्यांचा पेपर करायचो. विभागप्रमुखांचं नाव पहिलं, माझं दुसरं, मॅडमचं तिसरं. पदोन्नतीच्या गुणांत पहिल्या नावाला जास्त वजन असतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलून दाखवत नसे. या पद्धतीत एक गोष्ट होती आणि तिच्याकडे आम्ही कधी नीट बघितलं नाही. जो फील्डवर जायचा तो शेवटचा मसुदा वाचायचा नाही, आणि जो मसुदा लिहायचा त्याने ती माणसं पाहिलेली नसायची. पेपर पाठवताना एक प्रश्न येतो: सर्व लेखकांनी हा मजकूर वाचून मान्य केला आहे का? तिथे तिघांच्या वतीने मीच खूण करायचो. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "त्यात विचारायचं काय? आपण घरचेच." खिडकीवालेही तसंच करायचे. दारवालेही.

मॅडम माझ्याहून पुष्कळ लहान. मावळातल्याच. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या गावच्या बौद्ध वस्तीतून एम. ए. होऊन विद्यापीठात शिकवायला लागलेल्या त्या पहिल्याच. नेमणूक झाली होती, पण अजून कायम व्हायची होती. द्रुतगती मार्गावर घरचं माणूस गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास करावा, हे त्यांनीच सुचवलं होतं. त्या रस्त्याने गावं आणि त्यांची शेतं अलग केली. घर अलीकडे, वावर पलीकडे. रस्त्याखालून जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक कुंपणाच्या तारा वाकवून वरूनच पलीकडे जात. काही परत येत नसत.

विभागप्रमुखांना विषय आवडला. "आपल्या भागाचा आहे, आणि बाहेरच्या जर्नलला चालेल," ते म्हणाले.

ज्या घरांत मॅडम जायच्या ती बहुतेक मराठ्यांची, जमीनवाली. सुरुवातीला कित्येक ठिकाणी त्यांना ओट्यावरच बसवलं जायचं आणि चहा वेगळ्या कपातून यायचा. हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मला बऱ्याच नंतर, त्यांच्या वडिलांकडून कळलं. त्या जातच राहिल्या. हळूहळू आत बोलावणं यायला लागलं.

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. अनुदानाच्या अहवालाला फोटो हवे होते म्हणून. माझ्या गाडीने जुन्या हायवेवरून निघालो आणि गावाकडे वळलो, तशी मॅडमची भाषा बदलायला लागली.

"सर, तिथं वही काढू नका. नुसतं बसा. आन चहा दिला तर अर्धा ठेवू नका."

"मला साखरेचा त्रास आहे हो."

"आजच्या दिवस होऊ दे त्रास."

ज्या घरी आम्ही गेलो तिथल्या मावशी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. द्रुतगती मार्ग ओलांडताना गेलेला मुलगा त्यांचा. घरात त्या, सून, लहान नात, आणि त्याच अंगणात दिराचं बिऱ्हाड.

"ह्ये कोन गं?"

"आमचे सर, मावशी."

"तुजं सर व्हय! मंग आतनं खुर्ची आन की. सायबाला खाली बसिवतीस?"

"बसतील की खाली. त्यांना काय झालंय?"

"लय बोलाया लागली. अशानं नोकरी घालवशील." मावशी हसल्या आणि सूप बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच माझ्यासाठी पोतं अंथरलं.

सुनेने चहा आणला. ती बारावी झालेली, नीटनेटकी, आमच्याकडे बघून हलकेच मान लववून आत गेली. मावशींचे दीर येऊन उंबऱ्यावर टेकले.

"सायेब, ह्या तुमच्या अभ्यासानं कुंपान नीट हुईल का?"

"आम्ही अहवाल देणार आहोत."

"द्या की. आदी बी लय जनांनी दिलाय. त्यात तुमचा बी एक घाला." आणि स्वतःच हसले. मग मॅडमकडे बोट करून म्हणाले, "हिच्यावर इस्वास हाय म्हून बोलतो आमी. न्हाईतर गाड्या लय येत्यात हितं."

निघताना मावशींनी मॅडमना हाक मारली. "पोरी, जरा हिकडं ये." दोघी गोठ्यामागे गेल्या. मी गाडीत बसून राहिलो. खूप वेळ लागला. मॅडम परत आल्या आणि पट्टा न लावताच बसल्या. सोमाटणे फाट्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "सर, कुठंतरी थांबूया का?"

टपरीवर उभ्या उभ्या त्यांनी मला ते वाक्य सांगितलं. मुलगा कसा होता, घरात काय काय होत असे, आणि त्याला घरी आणलं त्या दिवशी मावशींच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते.

"हे टेपवर नाही," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी हातात हात घेऊन शपथ घातलीय. तुम्हाला का सांगतेय तेही कळत नाही. एकटीनं घरी घेऊन जाववेना. हे कुठं लिहायचं नाही, सर."

"छे, छे," मी म्हणालो. "त्याचा काय संबंध."

तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो. लोकांचं दुःख ऐकणाऱ्यालाही ते उतरवायला कुणीतरी लागतं, हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो. त्या दिवशी ते उतरवायला मॅडमनी मला धरलं होतं.

पेपर जर्नलकडून परत आला. अनुभव वरवरचे वाटतात, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. विभागप्रमुख म्हणाले, "जरा जीव ओता हो त्यात. रडण्याबद्दल सगळेच लिहितात." मी लोणावळ्याला घरी बसून दुरुस्त्या करत होतो. दाट धुक्याचे दिवस होते, समोरची इमारतही दिसत नव्हती. मुलाखतींचे कागद परत परत वाचले. सगळी माणसं एकसारखी बोलत होती: देवाची मर्जी, नशीब, लेकरांकडे बघून दिवस काढायचे. आणि माझ्याकडे ते वाक्य होतं. ते घातलं आणि त्याभोवती सगळा पेपर उभा राहिला. इतका चांगला मजकूर मी त्याआधी लिहिला नव्हता.

नाव अर्थातच काढलं. गाव, वय, जात काढली. 'एक सहभागी' असं लिहिलं. मुलगा रस्ता ओलांडायला का गेला होता, तो बारीकसा तपशील मात्र ठेवला, कारण त्याशिवाय वाक्याला संदर्भ राहत नव्हता. सुटलेल्या म्हशीमागे गेला होता, असं इथे म्हणतो. खरं वेगळं होतं. नाव काढलं की माणूस झाकला जातो, असं आम्हाला शिकवलेलं आहे आणि आम्हीही तसंच शिकवतो. परक्यांपासून झाकला जातोही. त्या गावात मात्र म्हशीमागे गेलेला मुलगा एकच होता.

पेपर स्वीकारला गेला. छापून यायला वेळ होता. दरम्यान विद्यापीठाकडून परिपत्रक निघालं की संशोधन सामान्य वाचकांपर्यंत पोचवा. एका वर्तमानपत्राची पुरवणी लेख घ्यायला तयार होती. मी त्याच पेपराचा मराठी लेख केला. ते वाक्य मराठीत आलं, म्हणजे मावशींच्याच भाषेत परत आलं. संपादक फोनवर म्हणाले, "तुमच्यात कुणी त्याच भागातलं आहे ना? त्यांचं नाव पहिलं द्या, फोटो द्या. वाचकांना जवळचं वाटतं."

मी विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "मराठी लेखाला गुण थोडेच आहेत? टाका की त्यांचं पुढे."

असं मॅडमचं नाव पहिल्यांदाच पहिलं आलं. दुपारी टेबलावर मी ते जाहीर केलं. खिडकीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, मनाचा मोठेपणा," एकजण माझ्याकडे बघून म्हणाला.

"खरंच, सर?" मॅडम म्हणाल्या. "घरी सांगू?"

"सांगा की."

"पाठवा ना मला वाचायला."

"आता छापूनच बघा. जास्त मजा येईल."

त्या क्षणी मला ते वाक्य आठवलं नव्हतं, अशी समजूत मी अनेक वर्षं घालून घेतली. आठवलं होतं. हातातला घास तसाच राहिला होता. संपादकांना फोन करून एक ओळ काढा म्हणायला वेळही होता. पण मग ती का काढायची हे कुणालातरी सांगावं लागलं असतं, आणि लेख त्या ओळीवरच उभा होता. वाटलं, कोण वाचतंय.

मॅडमच्या वडिलांनी कामशेतच्या स्टॉलवरून मिळतील तेवढ्या प्रती घेतल्या आणि ओळखीच्यांना वाटल्या. शेजारच्या, मावशींच्या गावातही दिल्या. मुलीचा फोटो आला होता. दुपारपर्यंत तो लेख फोनवरून सगळीकडे फिरला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "सर, ते वाक्य."

"हो, ते इंग्रजीवरून करताना..."

"इंग्रजीतही आहे?"

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चला. मला एकटीला जायचं नाही."

आम्ही गेलो तेव्हा सून आदल्या दिवशीच मुलीला घेऊन माहेरी निघून गेलेली होती. आपल्या नवऱ्याबद्दल सासूने काय म्हटलं, हे तिने फोनवर वाचलं होतं. मावशींचं दार लोटलेलं होतं. दीर अंगणात उभे होते, आणि आणखी दोन-तीन पुरुष गोठ्याशी.

"ताई, तितंच थांबा. घरात न्हाई यायचं."

"भाऊ, मला मावशींशी बोलायचंय."

"आता काय ऱ्हायलंय बोलायचं? समद्या जिल्ह्याला सांगून मोकळी झालीस." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तुला घरात घेतली तवा आमच्यातल्यांनी नावं ठिवली. मी म्हनलो, शिकल्याली पोर हाय, आपलं दुख तिला कळतं. आन तू म्हातारीच्या पोटातलं काडून पेपरात इकलंस. वर फोटू बी काडून घेतलास."

"भाऊ, मी..."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विद्यार्थी उत्तर द्यायच्या आधी मास्तरकडे बघतात तसं. एक वाक्य बोलायचं होतं: हे यांनी लिहिलेलं नाही, मी लिहिलं. ते जिभेपर्यंत आलंही होतं. गोठ्याजवळची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "हे पाहा, आम्ही नाव कुठेही दिलेलं नाही. संशोधनाचे जे नियम असतात त्याप्रमाणे..."

"नाव कशाला पायजे, सायेब?" दीर म्हणाले. "म्हशीमागं गेल्याला दुसरा कुनी हाय का ह्या गावात?"

गोठ्याकडून कुणीतरी म्हणालं, "ह्यांना घरात घेतलं का असंच हुतंय." ह्यांना म्हणजे कुणाला, ते तिथे सगळ्यांना कळलं. मॅडमनाही.

आतून मावशींचा आवाज आला. "भावजी, तिला कशाला बोलताव? बोलली ती मीच हाय." मग आतून कडी लागली.

परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मला कामशेतला सोडा. पुढं मी जाईन."

त्यानंतर विभागात चौकशी झाली. गावातून कुणीतरी तक्रार केली होती. चौकशीच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. "तुमची प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आहे," ते म्हणाले. "विचारतील तेवढंच सांगा."

चौकशी समितीने मला विचारलं, मुलाखत कुणी घेतली? मॅडमनी. त्या बाईंची संमती कुणी घेतली? मॅडमनी. कुटुंबाशी संपर्क कुणाचा होता? मॅडमचा. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. लेख कुणी लिहिला, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे लिहिणं हे काही करणं समजलं जात नसे. दुसऱ्याने आणलेलं नीट मांडायचं, एवढंच.

मॅडमना विचारलं, "अंतिम मसुदा तुम्ही वाचला होता का?"

समितीत खिडकीच्या टेबलावरचे होते, दाराजवळचे होते. मॅडम नाही म्हणाल्या असत्या, तर तिघांच्या वतीने केलेली ती खूण उघडी पडली असती, आणि मग प्रत्येक टेबलावरची पडली असती. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"वाचायला हवा होता," मॅडम म्हणाल्या.

निष्काळजीपणा, असा शेरा आला. त्या वर्षी त्यांना कायम केलं नाही. पुढची टर्म सुरू व्हायच्या आधी त्यांनीच राजीनामा दिला. इंग्रजी पेपर छापून आला. मी ते वाक्य काढलं होतं. विभागप्रमुखांनी सांगितलं म्हणून मॅडमचं नावही काढलं. मी प्राध्यापक झालो.

शेवटच्या दिवशी त्या आपल्या कपाटातलं सामान पिशवीत भरत होत्या. मी दारात उभा राहिलो. काही विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "शपथ मी मोडली, सर. तुम्हाला सांगितलं तिथंच. ते माझं मी बघेन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

आता त्या पिंपरीकडे एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. गावाला सणालाही फारशा जात नाहीत. त्यांचे वडील एकदा मला तळेगावला दवाखान्यात भेटले. चहाच्या कपांचं तेव्हाच त्यांच्याकडून कळलं. त्यांनी माझी प्रकृती विचारली, मुलं काय करतात विचारलं. ते पारावर बसायला जात नाहीत आता. "लोक तोंडावर काय म्हनत न्हाईत," ते म्हणाले, "पन मी आलो का गप हुत्यात." माझ्याबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं. मुलीने त्यांनाही सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी मी त्या गावात परत गेलो. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. अंगणाशी गाडी थांबवली तर दीरच बाहेर आले. केस पिकलेले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"जागा बगाया आलाव का?"

हल्ली त्या बाजूला अनोळखी गाडी आली की तिचा अर्थ तेवढाच असतो. मी काही बोलायच्या आत ते पुढे चालायलाही लागले. "या की. रोडला लागून हाय, पानी हाय, लाइट हाय. बंगल्याला झकास." मी त्यांच्या मागे गेलो. हो, बघायलाच आलोय, असंही म्हणालो. त्यांनी मला वावर दाखवलं, बांध दाखवला, विहीर दाखवली. कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, बाहेर दोरीवर एक लुगडं.

"तिथे कोण राहतं?"

"वयनी हायत आमच्या. त्यांची काळजी नगा करू, त्यांना घिऊ आमी गावात. ऐकत न्हाईत. सून गेल्यापून हितंच असत्यात. कुनाशी बोलत न्हाईत."

"सून कुठे गेली?"

"माहेराला. नातीला बी न्हेलं. लय झालं त्याला आता. पलीकडच्या गावची एक मास्तरीन हुती, तिनं म्हातारीला पेपरात इकली." ते थुंकले. "जाऊ द्या. तुमी सांगा, किती गुंठं बगताव?"

खोलीचं दार उघडं होतं. आत हालचाल दिसली, चुलीजवळ असावी. मी उभा होतो तिथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी गुंठ्यांबद्दल काहीतरी बोललो, फोन करतो म्हणालो, आणि गाडीत येऊन बसलो. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "चा तरी घ्यायचा हुता, सायेब."

हे लिहून झाल्यावर मी मॅडमना पाठवलं. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, पण छापायला जायच्या आधी मजकूर त्यांना वाचायला दिला, असं पहिल्यांदाच घडलं. काय बदलायचं ते सांगा, छापू नका म्हणालात तर छापणार नाही, असंही लिहिलं. आठवडाभर उत्तर नव्हतं. मग आलं. मावशींबद्दलची एक ओळ काढायला सांगितली होती. ती काढली आहे. बाकी ठेवलं तरी चालेल, असं होतं. खाली लिहिलं होतं: "माझ्याकडे माफी मागू नका, सर. हे सगळं शिकलेल्या लोकांना वाचायला बरं वाटेल. तिकडे कोण वाचणार? तिकडे जाऊन बोला."

हे वाचूनही मी अजून गेलेलो नाही. कागदावर लिहिणं मला जमतं, आणि लिहिलं म्हणजे केलं असं मला आजही वाटतं. तसं ते नसतं.

माझ्याकडे जे राहिलं आहे ते असं. त्या गावात जायचं. दिरांना मी कोण ते सांगायचं. सुनेच्या माहेरी जाऊन तिलाही सांगायचं. आणि त्या पत्र्याच्या खोलीच्या दाराशी उभं राहून, मावशींना ऐकू जाईल असं, बोलायचं: ते पेपरात मी लिहिलं, तुमच्या पोरीने लिहिलं नाही, तिने मला मना केलं होतं. हे मी अजून बोललेलो नाही.